खालचा आकडा

“पण तो एक मीच असले तर?”

मावशींनी हे विचारलं तेव्हा तास संपत आला होता आणि मी फळ्यावरच्या उत्तराभोवती चौकट काढत होते. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना मी गणित शिकवते. कुणाची शाळा मधेच सुटलेली, कुणी शाळा पुरी करूनही अपूर्णांकांपाशी कायमचं अडलेलं. बहुतेकांच्या पिशवीत चष्म्याच्या घराशेजारी गोळ्यांची पाकिटं असतात, म्हणून उदाहरणंही मी तिथूनच उचलते. त्या दिवशी विषय होता कोलेस्टेरॉलच्या गोळीचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे मी फळ्यावर मांडले होते. रक्तदाब असलेले, पण आधी हृदयविकाराचा झटका न आलेले दहा हजारांवर लोक. त्यांतल्या ५१६८ जणांना ॲटोरवास्टॅटिन दिलं, ५१३७ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सुमारे सव्वातीन वर्षांत पहिल्या गटातल्या १०० जणांना झटका आला किंवा हृदयविकाराने मरण आलं, दुसऱ्या गटातल्या १५४ जणांना. जाहिरातीत याचं झालं “धोका ३६ टक्क्यांनी कमी”. वर्गाने कॅल्क्युलेटर काढले, भागाकार केले. एकीकडे १.९ टक्के, दुसरीकडे ३ टक्के. फरक एक टक्क्याच्या थोडा वर. म्हणजे साधारण ९४ जणांनी सव्वातीन वर्षं रोज गोळी घ्यायची, तेव्हा एकाचा झटका टळतो. मागच्या बाकावरचे काका मोठ्याने म्हणाले, “म्हणजे त्र्याण्णव जण उगाचच खातात की!” त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. आणि त्याच क्षणी मावशींचा तो प्रश्न आला, अगदी हळू आवाजात, वहीतून मान वर न काढता.

दोघांनी एकच गणित केलं होतं. दोघांचंही बरोबर होतं. काकांनी चाळिशी गळ्यात सोडली आणि गोळी बंद करण्याच्या विचाराने निघाले, मावशी ती चुकवायची नाही असं ठरवून निघाल्या. काकांना मी दारातच गाठलं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही असं बजावलं, ते “हो हो” म्हणाले. मावशींना काय सांगायचं ते मला सुचलं नाही. घरी जाताना, स्वयंपाक करताना, रात्री दिवा मालवताना तो प्रश्न सोबत होता. चौकटीत उत्तर आलं की गणित संपतं, अशी माझी इतक्या वर्षांची सवय. इथे चौकट पुरी झाली आणि बोलणं तिथून सुरू झालं.

मोठ्या माणसांना शिकवण्यात एक गंमत आहे. लहान मुलाला सांगितलं की एका माणसाचं वजन ६० किलो आहे, तर ते ६० लिहून पुढे जातं. मोठा माणूस विचारतो, “कुणाचं? उंची किती त्याची? सकाळचं वजन की जेवल्यानंतरचं?” गणिताच्या पुस्तकातल्या बिनचेहऱ्याच्या माणसांवर त्यांचा विश्वास नसतो. पण हीच माणसं अपूर्णांक लिहायची वेळ आली की डाव्या हाताने वही झाकतात. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हसलेलं असतं, ते अजून बाकावर शेजारी बसलेलं असतं. मी अंश आणि छेद हे शब्द फळ्यावर लिहिले की दोन-तीन चेहरे मिटतात. म्हणून वर्गात आम्ही ‘वरचा आकडा’ आणि ‘खालचा आकडा’ एवढंच म्हणतो. आरोग्याच्या बाबतीत तर माझं सगळं शिकवणं या खालच्या आकड्याभोवती फिरतं. वरचा आकडा बातमीत येतो, जाहिरातीत येतो, शेजारीण गेटपाशी उभी राहून सांगते त्यात येतो. इतके गेले, इतक्यांना त्रास झाला, इतके बरे झाले. किती जणांपैकी, किती दिवसांत, कुठल्या वयाच्या लोकांत, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारलं तर बरेचदा सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

मला स्वतःला आकड्यांचा लळा लागला तो तापामुळे. लहानपणी कुणी आजारी पडलं की वडील एक जुनी वही काढायचे. पाऱ्याचा थर्मामीटर मनगटाच्या झटक्याने उतरवायचे, दिव्याखाली धरून तिरपा फिरवायचे, कारण ती चंदेरी रेघ एका ठरावीक कोनातच दिसते. मग वेळ, ताप, दिलेलं औषध असे तीन रकाने भरायचे. काचेची थंडगार नळी काखेत धरून मी पडून असायचे आणि त्या वहीत आपल्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं लिहिलं जातंय याचा सुखद अभिमान वाटायचा. ९८.६ हा आकडा तर आमच्या घरी देवासारखा होता. त्याचं मूळ मला फार उशिरा कळलं. लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांचा, काखेतला, लाखो वेळा घेतलेला ताप अभ्यासून १८६८ साली पुस्तक लिहिलं आणि निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सियस धरलं. तो एक गोळाबेरीज आकडा होता. त्याचं फॅरेनहाइटमध्ये रूपांतर केलं की ९८.६ येतं, आणि त्या दशांश चिन्हामुळे असं वाटू लागतं की कुणीतरी फारच बारकाईने मोजलंय. १९९२ साली १४८ निरोगी प्रौढांचं तापमान मोजलं गेलं तेव्हा सरासरी ९८.२ निघाली, आणि माणसामाणसांत, सकाळ-संध्याकाळीत फरक निघाला तो वेगळाच. वर्गात हे सांगते तेव्हा लोक थोडे दुखावतात. ९८.८ आला म्हणून नातवाला शाळेत न पाठवलेल्या आज्या असतात आमच्याकडे.

त्या आज्यांसाठीच मी चमच्यांचा तास घेते. प्रत्येकीने घरून आपला ‘औषधाचा चमचा’ आणायचा. मी पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणि पाण्याचं भांडं ठेवते. चमचा भरायचा आणि मग सिरिंजने ते पाणी ओढून मोजायचं. हा तास गोंगाटाचा असतो, टेबलं ओली होतात, वह्यांची पानं फुगतात. चमचा काठोकाठ भरला असं वाटल्यावरही त्यात आणखी थेंब मावतात, पाण्याला वर एक फुगीर पाठ येते, ती थरथरते आणि मग एकदम ओघळते. कुणाचा चमचा तीन मिलिलिटरचा निघतो, कुणाचा सातचा. एकाच घरातले दोन चमचे वेगळे निघतात. मग मी बाटलीवरचं लेबल मोठं करून लावते. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच द्रवात २५०. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतं. पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिलिलिटर, दुसरीतून तीन. पातळ बाटलीची सवय झालेला हात घट्ट बाटलीतून सव्वासहा काढेल, तर बाळाच्या पोटात तीनशेच्या वर जाईल. हे उत्तर फळ्यावर आलं की वर्ग शांत होतो. मी तेव्हा मुद्दाम बोलत नाही.

इथेही खालचाच आकडा. किती मिलिग्रॅम, तर ‘किती मिलिलिटरमध्ये’. मोठ्यांच्या गोळ्यांत तो वेगळ्या रूपात लपतो. दिवसाला चार ग्रॅम ही निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची वरची मर्यादा. ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की ३९००. वाटतं, मर्यादेत आहोत. पण सर्दीसाठी घेतलेल्या दुसऱ्या गोळीतही तेच औषध बारीक अक्षरात बसलेलं असतं. एका तासाला मी सगळ्यांना आपापली पाकिटं उलटी करून फक्त घटकांची नावं वाचायला लावली. भिंगं निघाली, मोबाइलचे टॉर्च निघाले. एका बाईंच्या पिशवीतल्या तीन वेगळ्या रंगांच्या पाकिटांत एकच नाव तिनदा निघालं. दशांश चिन्हाचं तर मी एखाद्या कंजूष सावकारासारखं करते. ‘.५’ असं कुणी लिहिलं की शून्य वसूल केल्याशिवाय पुढे जात नाही. तो ठिपका कागदाच्या घडीत गेला की अर्ध्याचे पाच होतात, आणि १.० मधला ठिपका गेला की एकाचे दहा. म्हणून आधी शून्य हवं, आणि मागे नको.

रिपोर्टातली चांदणी हा आमच्या वर्गाचा दुसरा मोठा विषय. वीसेक तपासण्यांचा रिपोर्ट येतो, त्यात एका आकड्यापुढे चांदणी किंवा ठळक अक्षर असतं आणि माणसाचं सगळं लक्ष तिथे जाऊन अडकतं. बाकीच्या एकोणीस ओळी कुणी वाचतच नाही. मी विचारते, ही मर्यादा आली कुठून? बहुतेक वेळा निरोगी लोकांचे आकडे घेतात आणि त्यांतले मधले ९५ टक्के ‘सामान्य’ धरतात. म्हणजे धडधाकट माणसांतलेच पाच टक्के लोक दर तपासणीत मर्यादेबाहेर पडणार, हे ठरवलेलंच आहे. मग डब्यात वीस चिठ्ठ्या ठेवायच्या, एकोणीस पांढऱ्या, एक लाल. प्रत्येकाने वीस वेळा चिठ्ठी काढायची, बघायची, परत टाकायची. लाल आली की खूण. शेवटी हात वर करायला सांगितलं की निम्म्याहून बऱ्यापैकी जास्त हात वर येतात. हिशेबाने ते ६४ टक्के यायला हवेत. एकाच रक्तातल्या वीस तपासण्या चिठ्ठ्यांइतक्या एकमेकींपासून सुट्या नसतात, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा असतो, पण मुद्दा पोचतो. आणि पोचला की लगेच मला दुसऱ्या बाजूने ओढावं लागतं, कारण कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे चांदणीकडे बघायचंच नाही!” बघायचं. मर्यादेपासून किती लांब आहे ते बघायचं, मागच्या वेळी काय होतं ते बघायचं, आणि डॉक्टरांना दाखवायचं. चांदणी म्हणजे विचारायची जागा. छापणाऱ्यांनी रिपोर्टाच्या तळाशी एवढी एक ओळ छापली असती, तर कितीतरी लोकांच्या रात्री वाचल्या असत्या असं मला वाटतं.

चाळणी तपासणीचा, म्हणजे काही त्रास नसलेल्यांच्या सरसकट तपासणीचा, तास मात्र मी आलेखाच्या कागदावरच घेते. हजार चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोन म्हणजे एक बाई. स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायची आहे. समजा, हजारातल्या दहा जणींना खरोखर कर्करोग आहे. ते दहा चौकोन लाल. तपासणी दहांतल्या नऊ जणींचा आजार पकडते. त्या नऊ चौकोनांत टिंब. उरलेल्या ९९० जणी निरोगी आहेत, पण तपासणी त्यांतल्या शंभरातल्या नऊ जणींनाही चुकून ‘आहे’ म्हणते. म्हणजे ८९ पांढऱ्या चौकोनांतही टिंबं द्यायची. हे टिंबं देण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि मला ते तसंच हवं असतं. पन्नासाव्या टिंबाला हात दुखतो तेव्हा कळतं की चुकीचा इशारा मिळालेल्या बायका किती आहेत. एकूण टिंबं ९८, त्यांतली लाल ९. इशारा आलेल्या अकरा जणींत साधारण एकीला आजार. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी २००७ च्या सुमारास हाच प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांना टक्क्यांत घातला होता, तेव्हा जेमतेम २१ टक्के डॉक्टरांना बरोबर उत्तर देता आलं. (खालचा आकडा १६०. कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.) टक्के सोडून ‘हजारातल्या इतक्या’ अशी भाषा शिकवल्यावर तेच प्रमाण ८७ टक्क्यांवर गेलं. आमच्या वर्गाला ही गोष्ट अतिशय आवडते. डॉक्टरही टक्क्यांत अडतात हे कळल्यावर वही झाकणारा एखादा हात बाजूला होतो.

हे सगळं लिहिताना मी फार शहाणी मंडळी तयार करतेय असा समज होईल. तसं काही नाही. आमच्याकडच्या एक बाई रक्तदाबाची डायरी फार सुंदर ठेवतात. पट्टीने आखलेले रकाने, लाल-निळी शाई. महिनाभराचे आकडे इतके देखणे की मला शंका आली. विचारलं तर म्हणाल्या, “तीनदा घेते मॅडम, आणि सगळ्यात चांगला येतो तो लिहिते.” का? “डॉक्टर रागावतात ना.” मी सरासरी शिकवली होती, पाच मिनिटं शांत बसून मग एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं हे शिकवलं होतं, त्यांना ते तोंडपाठ होतं. सरासरी काढता न येण्याचा हा प्रश्नच नव्हता. परीक्षेत मार्क कमी पडू नयेत म्हणून त्यांनी उत्तरपत्रिका आधीच नीटनेटकी करून ठेवली होती. डॉक्टर त्या डायरीवरून गोळीचा डोस ठरवतात, हे मी सांगितल्यावर त्या बराच वेळ रकान्यांकडे बघत राहिल्या. पुढच्या पानापासून तिन्ही आकडे येऊ लागले. पान जरा विद्रूप दिसतं, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

आणि काहींना आकडा नकोच असतो. एक गृहस्थ स्पष्ट म्हणाले, “मला किती जणांपैकी किती ते सांगू नका, झोप जाते.” आधी मला ते अडाणीपणाचं वाटायचं. आता तसं वाटत नाही. चमच्याच्या गणितातून कुणालाही सुटका नाही, ते बाळाच्या पोटात जाणार असतं आणि उत्तर एकच असतं. धोक्याचं गणित तसं नाही. पण आकडा न बघता राहायचं ठरवलं, तरी अर्धाच आकडा कानावर पडून घात करतो, ही माझी खरी भीती आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्या झाल्या, बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. दुप्पट म्हणजे किती, तर सात हजार जणींत एकीला गुठळी व्हायची, ती दोघींना. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार गर्भपात जास्त झाले. आणि गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ‘दुप्पट’ या शब्दाला खालचा आकडाच नव्हता.

मावशींचा प्रश्न या कशातच बसत नाही, हे मला हळूहळू उमगलं. त्यांच्याकडे खालचा आकडा होता, त्यांनीच तो काढला होता. ज्याच्यावर वेळ येते त्याच्या दृष्टीने मात्र खालचा आकडा ९४ राहत नाही, एक होतो. हे गणितात चूक आहे, पण आयुष्यात चूक आहे असं मला म्हणवत नाही. पुढच्या एका तासाला मी त्यांना उलट बाजूने मोजायला लावलं. गोळी न घेतलेल्या शंभरातल्या ९७ जणांना त्या सव्वातीन वर्षांत तसं काही झालं नाही. गोळी घेऊनही शंभरातल्या दोघांना झालंच. त्यांनी दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली आणि म्हणाल्या, “मी तरी घेणारच. रोज सकाळी ती घेतली की दिवसभर तो विचार येत नाही.” काका म्हणाले, मला सकाळी ती घेतली की दिवसभर आपण आजारी आहोत असंच वाटतं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. फळ्यावर यातलं काय लिहायचं ते मला कळेना, मी काहीच लिहिलं नाही.

आता सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका काढायची आहे आणि उत्तरसूचीही द्यावी लागते. बेरजा-भागाकारांचे मार्क ठरलेले. शेवटचा प्रश्न मी असा घातला आहे: वरील माहिती वाचून डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न लिहा. तपासणाऱ्या सहकारी बाईंनी उत्तरसूचीत काय लिहू असं विचारलं, ‘काहीही’ असं लिहिलं तर चालणार नाही म्हणाल्या. मागच्या तुकडीची उत्तरं मी त्यांच्यापुढे ठेवली. किती जणांपैकी? किती वर्षांत? माझ्या वयाच्या लोकांत किती? न घेतली तर काय होतं? त्रास झाला तर कुणाला आणि कधी? या सगळ्यांना पूर्ण मार्क, त्यात वाद नव्हता. वाद झाला तो एका काकांच्या उत्तरावर. त्यांनी लिहिलं होतं, “तुम्ही स्वतः ही गोळी घेता का?” बाई म्हणाल्या, यात आकडाच नाही, खालचाही नाही आणि वरचाही नाही. मी पूर्ण मार्क दिले होते आणि ते कमी करायला अजूनही तयार नाही.